पेवातली ओढणी

सुजाण वाचकहो, पुढील पानांत मी आपणांसमोर एका मुलीची हकीकत ठेवीत आहे. ती मुलगी सद्गुणी होती असे मी म्हणणार नाही आणि तिची कीव करा अशी याचनाही करणार नाही. तिने जो अपराध केला तो मी झाकणार नाही. जो केला नाही तो तिच्या माथी कोणी व कोणत्या युक्तीने मारला, ते मात्र क्रमाक्रमाने उलगडून दाखवीन. उलगड्यास लागणारी प्रत्येक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत मांडली जाईल, काहीही पाठीमागे लपविले जाणार नाही. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि न्यायाची चाड बाळगण्यास पदवी लागत नाही, या विश्वासावर ही लेखणी उचलली आहे.

प्रकरण पहिले : घाटावरचा तरुण

सोमवारी सकाळी सांगलीस कृष्णेच्या घाटावर पोहण्यास आलेल्या मंडळींना शेवटच्या पायरीपाशी एक तरुण निपचित पडलेला आढळला. डोळे अर्धवट उघडे, ओठ निळसर, श्वास असून नसल्यासारखा. मंडळींनी त्यास रिक्षात घालून दवाखान्यात पोचविले. तो हळदीचे नामांकित अडत्ये लालासाहेब यांचा एकुलता पुत्र ऋषिराज होता. त्याच्या खिशात नशेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. डॉक्टरांनी लालासाहेबांना बाजूस घेऊन सांगितले, "जगेल असे आज मला म्हणवत नाही."

आदल्या सायंकाळी याच घाटावर एक मुलगी ऋषिराजशी कडाडून भांडताना पुष्कळांनी पाहिली होती. दुपारपर्यंत ती बसस्थानकावरून पकडून आणण्यात आली. तिचे नाव सृष्टी. वय सोळा उलटून गेलेले. कपाळावर बटा, मनगटावर काळा धागा, आणि नजर अशी की समोरच्यानेच आपली नजर खाली करावी.

तपास फौजदार संयोगिता यांच्याकडे आला. या बाई मूळच्या शिराळ्याच्या. आवाज चढविण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे गुन्हेगार त्यांना अधिक भीत.

"नाव?"

"समद्यांनी सांगितलंच असंल की. बसस्टँडवरची सृष्टी."

"गोळ्या विकतेस?"

"इकत हुते."

"म्हणजे आता नाही?"

"दसऱ्यापासनं न्हाई. सोडलं."

"ऋषिराजला काल गोळ्या दिल्यास?"

"त्यानं मागितल्या. म्या म्हनलं, न्हाईत. तर हात धराय लागला. मग थोबाडीत दिली. ती घेतली त्यानं. पावती पायजे का?"

दारातल्या शिपाई बाईला हसू आवरेना. संयोगिताबाई हसल्या नाहीत.

"तुला माल कोण द्यायचे?"

"ठाव न्हाई. रोज येगळ्या नंबरावरनं फोन यायचा. खरखरीत आवाज, तोंडावर फडकं धरल्यागत. मार्केट यार्डामागं एक पडकी टपरी हाय, तितं पिशवी ठिवलेली असायची. पाकिटांच्या कडा पिवळ्या असायच्या."

"हळद?"

"सांगलीत ऱ्हाऊन हे इचारताय व्हय?"

"खरं सांगितलंस तर तुझा फायदा आहे, सृष्टी."

मुलगी खुर्चीत पुढे सरकली. "फायद्यासाठी न्हाई सांगत मी. इकल्या त्या इकल्या. ऋष्याला दिल्या न्हाईत. ह्यातलं एक लिवून दुसरं गाळू नका."

इतके बोलून तिने जे तोंड मिटले ते दोन दिवस उघडले नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी असा पुरावा येऊन पोचला की तिने तोंड उघडले काय अन् न उघडले काय, सारखेच वाटावे.

प्रकरण दुसरे : पेव

सृष्टी या वाटेस कशी लागली, ते येथे सांगणे माझे कर्तव्य आहे. ती वडूजची. घराणे पूर्वी मेंढरे राखणारे, आता कोरडवाहू शेती करणारे. वडील नाथाजी सैन्यात हवालदार होते. गेल्या वर्षी रजेवर येत असता वाटेत ट्रकची धडक बसून गेले. वर्ष सरण्याआधीच भाऊबंदांनी मुलीचे स्थळ पाहिले. सृष्टीने पाहुण्यांसमोर त्या मुलाचा फोटो फाडून चहाच्या बशीत ठेवला. तेव्हा तिची आई अंजना हिने तिला शिकण्यासाठी आपल्या सख्ख्या भावाकडे पाठविले. हा भाऊ म्हणजे बाळासो. तो सांगलीच्या शेजारी हरिपुरास राहून लालासाहेबांच्या पेवांची राखण व देखरेख करीत असे.

अकरावीच्या वर्गात सृष्टीच्या बोलण्यास मुले हसत. ती वर्गात जाईनाशी झाली. दिवसभर बसस्थानकावर बसू लागली. तेथे जमणाऱ्या टोळक्यात तिच्या बोलीस कोणी हसत नव्हते. आधी एकीची पिशवी दुसरीकडे पोचविली, मग स्वतःच विकू लागली. असे ते साधेपणाने घडले. वाईट गोष्टी बहुधा साधेपणानेच घडतात.

आता बुधवारच्या सकाळकडे वळू. बाळासो फौजदारांच्या कचेरीत आला. उंच, वाकलेला, अंगरख्यावर हळदीचे डाग, डोळे पाण्याने भरलेले. हातात गोणपाटाची पिशवी. त्याने ती टेबलावर ठेवली व हात जोडले.

"बाईसाहेब, माजीच भाची हाय. पर मालकाचं मीठ खाल्लंय. लपवू कसं?"

पिशवीत गोळ्यांच्या पाकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, आणि ते एका जांभळ्या ओढणीत गुंडाळलेले होते. ओढणी सृष्टीची होती, यात शंका नव्हती.

"कुठे सापडली?"

"पेवात."

ज्या वाचकांनी पेव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले हळदीचे कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र प्रशस्त. माल भरला काय किंवा रिकामे केले काय, तोंडावर दगडी फरशी ठेवून सांधे मातीने लिंपतात. महापुरांनी हरिपूरची बहुतेक पेवे बुजविली. मोजकी उरली आहेत.

बाळासोने सांगितले ते असे. आज सकाळी अंगणातून फिरत असता एका रिकाम्या पेवाच्या फरशीची माती कडेने उकरलेली दिसली. फरशी किंचित सरकवून कोणी काही आत टाकले असावे, असा त्यास संशय आला. हे पेव दिवाळीनंतर बंद केले होते. त्याने पहार लावून फरशी काढली, शिडी सोडली, लगेच खाली उतरला आणि पिशवी घेऊन वर आला.

"पोरगी सदानकदा त्या आवारातच असायची, बाईसाहेब. मीच म्हनायचो, बस बाळ सावलीला. मला काय ठाव, ती खाली काय साठवतीय!"

तो ओंजळीत तोंड घालून रडला. शिपाई बाईने त्यास पाणी दिले.

संयोगिताबाई ओढणी घेऊन सृष्टीकडे गेल्या. सृष्टीने ती पाहिली आणि प्रथमच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ही माजीच."

"पिशवी?"

"पिशवी न्हाई. ओढणी रविवारी धुऊन मामाच्या अंगणात दोरीवर टाकलेली."

"कोणी पाहिली?"

"दोरीनं बघितली. तिला आणा साक्षीला." मग आवाज बदलून ती म्हणाली, "बाईसाहेब, म्या उभ्या जन्मात पेवात डोकावलं न्हाई. मामा जवळ जाऊच देत न्हाई कुनाला."

संयोगिताबाईंनी तिच्याजवळ बसून सर्व स्पष्ट सांगितले. "ऐक. हा माल फार आहे. ही पिशवी तुझी ठरली आणि तो मुलगा मेला, तर सोळा वर्षे ओलांडलेल्या मुलीवर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. शुक्रवारी दुपारी बाल न्याय मंडळासमोर तुला पुन्हा उभे करायचे आहे."

सृष्टीने मनगटावरचा काळा धागा घट्ट केला.

"मग शुक्रवारच्या आत शोधा की," ती म्हणाली. "पगार कशाचा घेता?"

प्रकरण तिसरे : लालासाहेब

पाकिटांना हळद लागलेली, माल हळदीच्या पेवात सापडलेला. तेव्हा पेवांचा मालक संशयातून कसा सुटावा? संयोगिताबाई हरिपुरास लालासाहेबांच्या आवारात गेल्या. भोवती भिंत, एकच फाटक, फाटकाशेजारी बाळासोची खोली. मधोमध जमिनीत गोल दगडी फरशा. एक उघडी होती. इतर मातीने लिंपलेल्या.

लालासाहेब खाटेवर बसले होते. मुलगा मृत्यूशी झुंजत असल्याने त्यांनी दाढी केली नव्हती.

"माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या. माझाच माल माझ्याच पोराला चारला म्हणा."

"तुमचे ट्रक कर्नाटकातून येतात. या गोळ्याही तिकडूनच येतात."

"येतात. उतरवून कोण घेतं, मी? मला गुडघ्यानं फाटकापर्यंत चालवत नाही. सगळं बाळासो बघतो. तो नसता तर हे आवार केव्हाच मोडीत निघालं असतं."

"एवढा विश्वास?"

लालासाहेबांचा आवाज थोडा निवळला. "अहो, त्याचा थोरला भाऊ ह्याच आवारात गेला. उघडल्या उघडल्या पेवात उतरला, कोंडलेल्या हवेनं तिथंच बसला. काढेपर्यंत संपला होता. तेव्हापासून बाळासोचा कायदा म्हणजे कायदा. पेव आज उघडायचं, रात्रभर मोकळं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कंदील पेटवून आत सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. एकदा आमच्या ऋषिराजनं लहानपणी नुसतं डोकं घातलं होतं, तर माझ्यादेखत त्याला कानफटवलं. मी मालक असून गप्प बसलो. काय बोलणार? पोराचा जीव वाचवला त्यानं."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "आणि त्याच्याच भाचीनं तो घेतला. बाई, त्या पोरीला मी सोडणार नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन."

एवढ्यात बाळासोने चहा आणला. त्याने खाली वाकून लालासाहेबांच्या पायावरची घसरलेली शाल नीट केली. इतका निष्ठावंत सेवक संयोगिताबाईंनी क्वचितच पाहिला होता.

फाटकाबाहेर पडताच त्यांना एक नवीन नाव कळले. बिगाऱ्यांपैकी एकाने हळूच सांगितले की सृष्टी गेले काही दिवस सारखी जयराजच्या तालमीकडे जात असे. आणि जयराजची कीर्ती सांगलीत चांगली नव्हती.

प्रकरण चौथे : जयराजची कसरत

जयराज यास व्यायामशाळेचा मालक म्हणणे हा त्याचा उदारपणे केलेला गौरव होय. पत्र्याची शेड, चार लोखंडी यंत्रे, आणि प्रत्येक भिंतीवर आरसा, ज्यात तो स्वतःस पाहत उभा असे.

"या या फौजदारीणबाई! दंडाची मापं घ्यायला आलाय व्हय?"

"पाकिटांची. कपाटात काय आहे?"

"फकस्त पावडर. दुधात घालून केळ्यासंगं घ्यायची. तुमाला देऊ? तुमी लय बारीक झालाय, गुन्हेगार पळाला तर धरनार कशा?"

कपाटात पावडरीच्या मागे इंजेक्शनच्या बाटल्या निघाल्या. जयराजचे दंड अकस्मात लहान दिसू लागले.

"हे... हे पोरं मागत्यात वो. दम लागू न्हाई म्हनून. पर गोळ्या न्हाईत माझ्याकडं, आईशप्पत. त्या धंद्याला मी हात लावत न्हाई."

"हे वेगळे प्रकरण आहे, त्याची भरपाई तू वेगळी करशील. सृष्टी इथे कशाला यायची?"

"गुच्ची शिकायला."

"काय?"

"आवं, खरं सांगतो. दसरा झाल्यावर आली. म्हनली, मला मारायचं कसं ते शिकीव. म्हनलं कशापायी? तर म्हनली, एक धंदा सोडलाय, सोडून देत न्हाईत. फोनवर कुनीतरी दम देतंय. घरच्यांना सांगीन म्हनतंय." तो गाल चोळीत म्हणाला, "शिकीवली म्या. पयली गुच्ची तिनं मलाच लगावली. दात हालला. पर पोरगी कच्ची न्हाई बगा. दम देनाऱ्याचं नाव कळलं असतं तर त्याचा दात ऱ्हायला नसता."

"ऋषिराज इथे यायचा?"

"यायचा. तो गोळ्या घ्यायचा, समद्यांना ठाव हाय. सृष्टीनं सोडल्यावर लय कासावीस हुता. पर गेल्या आठवड्यात एकदम खूश. म्हनला, आता बसस्टँडला जायाची गरज न्हाई, घरच्या घरी सोय झाली."

"घरच्या घरी?"

"तसंच म्हनला. मला वाटलं बापाच्या तिजोरीची किल्ली गावली."

संयोगिताबाई शेडच्या बाहेर आल्या. घरच्या घरी! म्हणजे पुन्हा लालासाहेबांचेच घर. त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, पण तो इतका कडवट होता की त्यांनी तो तेथेच बाजूस ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप वडूजच्या रस्त्याला लावली.

प्रकरण पाचवे : वडूज

वडूजच्या बाहेर माळावर अंजनाचे घर होते. वारा कोरडा, ज्वारी गुडघ्याएवढी. दारात दोन करडे बांधलेली. अंजना लाकडे फोडीत होती. फौजदारांना पाहूनही तिने हातचे लाकूड फोडून पुरे केले.

"बसा. माज्या लेकीचं काय करणार तुमी?"

"ती कशी मुलगी आहे, हे विचारायला आले."

"वांड हाय. लय वांड. पर एक सांगते. शाळंत हिनं काच फोडली, तर मास्तर इचारायच्या आधी हात वर केला. दुसऱ्या डावाला काच दुसऱ्यानं फोडली अन् मास्तरानं हिला धरली, तर दिवसभर उन्हात हुभी ऱ्हायली, पर 'मी' म्हनली न्हाई. पाय भाजलं. मीच म्हनलं, म्हन की गं बया एकदा. तर म्हनती, का म्हनू?"

"भावाशी बोलणे झाले?"

"व्हय, काल दुपारी फोन आला. रडत हुता बिचारा. म्हनला, आक्का, तिला समजाव. कबूल हो म्हनाव. अल्पवयीन हाय, तिला कोन काय करतंय? दोन-तीन वर्सं सुधारगृहात काढंल अन् येईल. उगा ताणून धरलं तर घराण्याची शोभा." अंजनाने कुऱ्हाड खाली ठेवली. "मायेचा हाय. ह्यांच्या मागं त्यानंच आधार दिला. पर बाई, मला हे पटत न्हाई. तिनं केलं न्हाई तर ती 'केलं' कशी म्हनंल?"

"आणि केले असेल तर?"

"तर तिनंच तुमाला सांगितलं असतं," अंजना म्हणाली. "तुमी इचारायच्या आधी."

संयोगिताबाई परतीच्या वाटेवर मायणी गावापर्यंत अंजनाचे बोलणे मनात घोळवीत होत्या. मग त्या ड्रायव्हरला एकाएकी म्हणाल्या, "गाडी थांबव." त्यांनी उतरून तोंडावर पाणी मारले. जिवंत माणूस! जो पुरावा त्या तीन दिवस शोधीत होत्या तो पिशवीत नव्हता, ओढणीत नव्हता. तो बुधवारीच आपल्या पायांनी चालत कचेरीत आला होता.

वाचकहो, येथे क्षणभर पुस्तक मिटून विचार करावा. फौजदारांना जे ठाऊक आहे ते सर्व आपणांसही ठाऊक आहे. गुन्हेगाराने एकच चूक केली, आणि ती अशी चूक आहे जी पेवांच्या गावचा माणूसच करू शकतो.

प्रकरण सहावे : दुसरे पेव

शुक्रवारी सकाळी लालासाहेबांच्या आवारात सर्वजण जमले. लालासाहेब खाटेवर. अंजना पदर खोचून भिंतीशी. सृष्टी शिपाई बाईच्या शेजारी, मान ताठ. बाळासो फाटकाजवळ.

"बाळासो," संयोगिताबाई म्हणाल्या, "ज्या पेवात पिशवी सापडली त्याच्या शेजारचे पेवही दिवाळीनंतर त्याच दिवशी बंद केले ना?"

"व्हय जी. दोन्ही संगंच."

"मला वाटते यातही माल असेल. उघडा."

बिगाऱ्यांनी पहार लावली. माती फुटली, फरशी बाजूला झाली. आतून जुन्या हळदीचा कोंदट दर्प वर आला. बिगारी आपण होऊन मागे सरले.

"शिडी सोडा. बाळासो, उतरा खाली आणि पाहून या."

बाळासो दोन पावले पुढे आला आणि थबकला. "आत्ता?"

"आत्ता."

"आवं बाईसाहेब, आत्ताच उघडलंय! लगीच कसं उतरायचं? जीव जाईल की मानसाचा! उद्या बघू, कंदील सोडून..."

त्याचे वाक्य तेथेच राहिले. लालासाहेब खाटेवर हळूहळू सरळ होऊन बसले.

"बुधवारी कसे उतरलात?" संयोगिताबाईंनी शांतपणे विचारले.

"ते... ते गडबडीत... भाचीचा संशय आला म्हनून भान राहिलं न्हाई..."

"ज्याचा सख्खा भाऊ असा गेला, ज्याने मालकाच्या मुलाला डोके घातले म्हणून मारले, त्याचे भान राहिले नाही? बरे, राहिले नाही असे धरू. मग आपण जिवंत वर कसे आलात?"

त्यांनी बिगाऱ्याकडून कंदील घेतला, पेटविला व दोरीने आत सोडला. सर्वांनी पाहिले. ज्योत पेवाच्या गळ्यापाशी ताठ होती, मग पिवळी झाली, मग आखडली, आणि कोणी फुंकर न मारता विझून गेली.

"ही दोन्ही पेवे एकाच दिवशी बंद झाली," संयोगिताबाई म्हणाल्या. "एकात दिवा जगत नाही. दुसऱ्यात माणूस उतरून, पिशवी घेऊन, पायी कचेरीत येतो. याचा अर्थ एकच. ते पेव आदल्या दिवसापासून मोकळे होते. फरशी फटीएवढी सरकवून ते मोकळे होत नाही, पूर्ण काढून रात्रभर ठेवावी लागते. मंगळवारी सृष्टी आमच्या ताब्यात होती. या आवाराला फाटक एक, आणि फाटकावर राखण करणारा एक. त्याला न कळता येथे रात्रभर पेव उघडे राहू शकत नाही. आणि पेव मोकळे झाले आहे हे ज्याला ठाऊक असेल, तोच बुधवारी कंदील न सोडता बेधडक उतरेल."

बाळासो एक पाऊल फाटकाकडे सरला.

"दुसरा कोणी असता तर त्याने पिशवी वरूनच फेकली असती आणि वरूनच पाहिली असे सांगितले असते. पण तुम्हाला ती खाली नीट, खोल ठेवायची होती, आणि हात तुमचे आयुष्यभराचे. आधी पेव उघडून ठेवल्याशिवाय ते शिडीला लागेनात. खोटे रचताना तेवढाच भाग सांगायचा राहिला. ओढणी आपल्याच अंगणातील दोरीवरची. ट्रकमधून माल उतरवून घेणारे आपणच. आणि ऋषिराजची 'घरच्या घरी सोय' करणारे..."

"गप्प बसा!" लालासाहेब ओरडले. पण ते फौजदारांकडे पाहत नव्हते. "बाळासो, तू नाही म्हण. एकदा नाही म्हण रं."

बाळासो खाली बसला. "मालक, त्यो मरंल असं वाटलं न्हवतं. सृष्टीनं देनं बंद केलं तर त्यो माज्या मागं लागला. त्याला समदं ठाव झालं हुतं, तुमाला सांगीन म्हनाय लागला. म्हनून दिल्या. रविवारी म्या हात आखडला तर त्यो सृष्टीकडं गेला, अन् तिनं न्हाई म्हनल्यावर परत येऊन दम दिला, मग पाकिटंच दिली. किती खाल्ल्या त्यानं, मला काय ठाव? घाटावर पडला, पोलीस आवारात येनार... मग म्हनलं, पोरगी अल्पवयीन हाय. तिला काय व्हनार? चार दिस आत ऱ्हाईल. मला जन्मठेप व्हईल."

"तिच्यावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो," संयोगिताबाई म्हणाल्या. "सोळा उलटलेत तिचे."

बाळासोने मान वर केली. हे त्यास खरोखरच ठाऊक नव्हते.

सृष्टी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. शिपाई बाईने अडविले नाही.

"फोनवरचा तू?" ती म्हणाली. "फडकं धरून? 'सोडून तर बघ, आईला सांगीन' म्हननारा तू? अन् सांजच्याला ताटात भाकरी टाकत 'खा बाळ, वाळलीस' म्हननारा बी तूच?"

"मला आधी ठाव न्हवतं गं, टपरीवरनं उचलनारी तूच हाय म्हनून. कळलं तवा लय उशीर झालता."

"उशीर न्हवता झाला. त्याच दिवशी सांजंला तू मला वाढलंस." तिची मूठ वळली. सर्वांना वाटले, आता जयराजने शिकविलेली गुच्ची बसणार. तिने मूठ तशीच धरली, मग सैल सोडली. "जा. तुला हात लावायला बी नगं वाटतंय."

अंजना भावाजवळ आली नाही. ती भिंतीपासूनच बोलली. "बाळ्या, पोरगी शिकायला ठिवली हुती तुज्याकडं." आणि ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

प्रकरण सातवे : मंडळासमोर

दुपारी दवाखान्यातून निरोप आला की ऋषिराजने डोळे उघडले व गोळ्या कोणी दिल्या ते सांगितले. लालासाहेबांनी ताबडतोब सृष्टीसाठी वकील धाडला. वकील चांगला होता. त्याने मंडळाच्या दारात सृष्टीला समजावले.

"आता काही अवघड नाही. तू एवढंच सांगायचं, मला फूस लावली, मला काही कळत नव्हतं, मी अजाण आहे. डोळ्यांत थोडं पाणी आलं तर उत्तमच. आजच घरी जाशील."

"अन् तसं न्हाई म्हनलं तर?"

"तर विकल्याचा ठपका राहील. काही काळ साताऱ्याच्या सुधारगृहात राहावं लागेल. कशाला हवंय ते?"

अंजनाने लेकीकडे पाहिले. तिच्या कपाळावरच्या बटा मागे सारल्या.

आत मंडळाच्या बाई मायाळू होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारले, "बाळ, तुला या मार्गाला कोणीतरी लावलं, बरोबर ना? तुला समजत नव्हतं."

वकिलाने मागून खूण केली. सृष्टी उभी होती, हात पाठीशी.

"समजत हुतं," ती म्हणाली. "मामानं धंदा केला, त्यो त्याचा. ऋष्याला गोळ्या दिल्या, त्ये बी त्याचंच. त्यातलं मला काय बी नगं. पर बसस्टँडवर म्या इकल्या त्या डोळं उघडं ठिवून इकल्या. पोरं झिंगलेली बघितली, तरी इकल्या. सोडल्या त्या बी मीच, कुनी सोडवल्या न्हाईत. मला अजाण म्हनू नका."

"याचा परिणाम ठाऊक आहे ना तुला?"

"हाय."

"मग काय लिहू?"

सृष्टीने टेबलावरील कोऱ्या कागदाकडे बोट केले.

"माज्या नावावर माजंच तेवढं लिवा. सगळं लिवा. दुसऱ्याचं एक अक्षर नगं."

मंडळाच्या बाईंनी पेन उचलले आणि तसेच लिहिले.

वाचकहो, हकीकत येथे संपली. एका वांड मुलीसाठी आपण आपला बहुमोल वेळ खर्च केलात, तिचे बोलणे न हसता ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लिखाणात जे उणे असेल ते माझे. त्याचा दोष इतर कोणास देऊ नये.

आपला नम्र,
केरबा नानासो खबाले
मु. पो. शिराळा, जि. सांगली